नगर-बीड-परळी : रूळ आले, गाडी कोणती?

17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वेगाडी सुटली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, उपमुख्यमंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री अजित पवार, मंत्री पंकजा मुंडे असे सगळे व्यासपीठावर होते. मुहूर्त विचारपूर्वक निवडलेला होता. निजामाच्या राजवटीतून सुटका झाल्याला त्या दिवशी 77 वर्षे पूर्ण होत होती आणि तेवढा काळ जिल्ह्याचे मुख्य ठिकाण रेल्वेवाचून राहिले होते. 2011 च्या जनगणनेत 25 लाख 85 हजार लोकसंख्या नोंदवलेल्या, अकरा तालुक्यांच्या जिल्ह्याची ही गोष्ट आहे.

नगर (आताचे अहिल्यानगर) ते बीड 166 किलोमीटर अंतर आता रुळांनी जोडले आहे. बीड ते परळी वैजनाथ हा सुमारे 95 किलोमीटरचा टप्पा 2025 संपताना बांधकामात होता. म्हणजे 261 किलोमीटरच्या मूळ आराखड्यातला दोन तृतीयांशाहून थोडा कमी भाग हाती आला आहे. रेल्वे येणार का, ही तीस वर्षांची चर्चा त्या दिवशी संपली. तिच्या जागी उभे राहिलेले प्रश्न मात्र वेगळे आहेत आणि त्यांवर बोलणारे अजून थोडे आहेत. दोन्ही चर्चा कुठे आहेत, त्याचा हा आढावा.

निजामाच्या नकाशातला रिकामा भाग

मराठवाड्यातली जुनी रेल्वे निजामाच्या राज्याची. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारा गोदावरी खोऱ्यातला मीटरगेज मार्ग एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सांध्यावर तयार झाला. पश्चिमेला, इंग्रजी मुलखात, दौंड-मनमाड मार्ग 1878 पासून चालू होता आणि नगर त्यावर होते. दक्षिणेला बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली आणि 1911 पर्यंत लातूरला पोहोचली. ही अडीच फुटी अरुंद गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेली. लातूरच्या आडतबाजाराच्या वाढीत तिचा वाटा मोठा होता, हे तिथले जुने व्यापारी आजही सांगतात.

या तीन मार्गांच्या मधे जो मोठा रिकामा तुकडा उरला, त्याच्या मध्यावर बीड होते. जिल्ह्याला रेल्वे अजिबात नव्हती असे म्हणणे मात्र बरोबर नाही. आग्नेय कोपऱ्यात परळी आणि घाटनांदूर ही स्थानके निजामाच्या काळातच झाली. परळी तर विकाराबादकडून येणारा ब्रॉडगेज आणि परभणीकडून येणारा मीटरगेज जिथे भेटत असे ते जंक्शन. 1971 मध्ये परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला तो कोळसा रेल्वेने येऊ शकत होता म्हणूनच. परंतु आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई किंवा खुद्द बीडच्या माणसाला परळीचा उपयोग नव्हता. त्याची रेल्वे नगरला, नाहीतर जालन्याला. बीडहून दोन्हीकडे शंभर किंवा त्याहून जास्त किलोमीटर आधी एसटीने जायचे.

हे असे का झाले, याची दोन उत्तरे दिली जातात. एक राजकीय: निजामाला या भागाची फिकीर नव्हती. दुसरे भूगोलाचे: रेल्वे नदीच्या खोऱ्यातून सपाटीने जाते आणि बीडच्या पश्चिमेला बालाघाटाची डोंगररांग आडवी पडलेली आहे. मला दुसरे उत्तर जास्त पटते, कारण त्याच निजामाने परळीपर्यंत रूळ आणले होते. मात्र भूगोलाचे उत्तर 1948 पर्यंतच पुरते. त्यानंतर कोकणात सह्याद्री फोडून रेल्वे गेली. बालाघाट त्यापुढे काहीच नव्हे.

मंजुरी आणि 353 कोटी

स्वातंत्र्यानंतरची पहिली चार दशके मराठवाड्याच्या रेल्वे आंदोलनाची शक्ती एका मागणीवर एकवटली होती: मनमाडपासूनचा मीटरगेज ब्रॉडगेज करा. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ती लावून धरली आणि गेज बदलण्याचे मोठे काम 1990 च्या दशकात झाले. नव्या मार्गाची मागणी त्या सावलीत मागे राहिली, हे आज मागे वळून पाहताना दिसते. जिथे रूळ होते तिथले लोक रुंद रूळ मागत होते आणि त्यांचा आवाज मोठा होता. जिथे रूळच नव्हते त्यांचा आवाज कमी पडला.

नगर-बीड-परळी मार्ग 1995-96 च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. तेव्हा बीडच्या खासदार केशरकाकू क्षीरसागर होत्या. अंदाजित खर्च सुमारे 353 कोटी रुपये. 261 किलोमीटरसाठी हा आकडा किलोमीटरमागे एक कोटी 35 लाखांच्या आसपास पडतो. पुढे खर्चाचा अंदाज सुमारे 2,800 कोटींवर गेला आणि नंतर 4,800 कोटींच्या पुढे, म्हणजे किलोमीटरमागे 18 कोटींवर. तेरा पटींहून अधिक ही वाढ भाषणांत नेहमी वापरली जाते. ती थोडी फसवी आहे. 1995 चा रुपया आणि आजचा रुपया सारखा नाही, जमिनीचा मावेजा नव्या कायद्याने कित्येक पट झाला आणि पुलांचे, स्थानकांचे, सिग्नलचे मानकही बदलले. तरीही महागाई वजा केल्यावर उरणारी वाढ उशिराची किंमत आहे, आणि ती लहान नाही.

उशीर का झाला

या प्रश्नावर तीन बाजू स्पष्ट दिसतात.

पहिली बाजू अनुशेषाची. मराठवाड्याला सतत डावलले गेले, रेल्वे हा त्याचा सर्वांत ठळक पुरावा, असे ती मांडते. तिच्या हाती आकडे आहेत. मंजुरीनंतर पहिली अनेक वर्षे दरसाल मिळणारी तरतूद इतकी तुटपुंजी होती की त्या गतीने मार्ग पुरा व्हायला पिढ्या लागल्या असत्या. या बाजूचा आणखी एक मुद्दा फारसा कुणी बोलत नाही, पण तो मला महत्त्वाचा वाटतो. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजला तेव्हा रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रे घेतली. रेल्वे केंद्राचा विषय, म्हणून ती त्या हिशेबात बसलीच नाही. परिणाम असा की रस्त्याचा अनुशेष कागदावर आला आणि त्यासाठी निधी मागता आला. रेल्वेचा अनुशेष लोकांच्या तोंडी होता, तक्त्यात नव्हता.

दुसरी बाजू रेल्वेच्या तिजोरीची. नव्या मार्गावर गुंतवणुकीचा परतावा किमान 14 टक्के हवा, अशी रेल्वेची दीर्घकाळ कसोटी होती. विरळ वस्तीच्या, कोरडवाहू भागातला मार्ग ती पार करत नाही. असे मार्ग सामाजिक गरज म्हणून मंजूर होतात आणि पैसे वाटताना यादीच्या तळाशी जातात. हा बीडपुरता दुजाभाव नव्हता, असे ही बाजू म्हणते. जुलै 2014 च्या रेल्वे अर्थसंकल्पात तेव्हाचे रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनीच सांगितले होते की मागच्या 30 वर्षांत मंजूर झालेल्या 676 प्रकल्पांपैकी 317 पूर्ण झाले आणि उरलेल्या 359 साठी एक लाख 82 हजार कोटी रुपये लागतील. त्याआधीच्या दहा वर्षांत मंजूर झालेल्या 99 नव्या मार्गांपैकी पूर्ण झाला तो एक. देशभर घोषणा करायच्या आणि पैसा पातळ करून सगळ्यांना थोडाथोडा वाटायचा, या पद्धतीत बीडही अडकले.

तिसरी बाजू जमिनीची. काम करणारे अधिकारी आणि ठेकेदार बहुधा हीच बाजू सांगतात. मार्ग शेकडो गावांच्या शेतांतून जातो, सातबाऱ्यावर वारसांची लांब रांग असते, विहीर आणि फळझाड मोजण्यावरून तंटा होतो. 2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाल्यावर मावेजा वाढला, शेतकऱ्यांची नाराजी काहीशी कमी झाली, पण राज्याच्या तिजोरीवरचा भार वाढला.

राज्याचा भार म्हणायचे कारण असे की निम्मा खर्च महाराष्ट्राने उचलायचे ठरले. तोपर्यंत रुतलेले गाडे त्यामुळे हलले, यावर सगळ्यांचे एकमत आहे. मतभेद आहे तो तत्त्वाचा. केंद्राच्या विषयासाठी राज्याने पैसे का द्यावेत? समृद्ध भागांतले मार्ग रेल्वेने स्वतःच्या पैशाने बांधले, मग मागास भागालाच वर्गणी का? याला व्यवहारी उत्तर असे की वर्गणी दिली नसती तर मार्ग झालाच नसता. दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि एकमेकांना खोडत नाहीत.

तिन्ही बाजूंना आपापला काळ आहे, असे माझे मत. पहिल्या दीड दशकात अडचण पैशाची होती. पैसा येऊ लागल्यावर ती जमिनीची झाली. राजकारणाचे वजन दोन्ही काळांत कमीजास्त होत राहिले. 2009 पासून बीडचे खासदार असलेल्या गोपीनाथ मुंडे यांनी हा प्रश्न दिल्लीत सतत मांडला. 3 जून 2014 रोजी, केंद्रीय मंत्री होऊन आठवडा-दीड आठवडा झाला असताना, त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे प्रीतम मुंडे दहा वर्षे खासदार होत्या. श्रेय कुणाचे, हा वाद जिल्ह्यात प्रत्येक उद्घाटनाला नव्याने होतो. त्यात इथे शिरत नाही. ज्याच्या काळात जो टप्पा झाला तो नोंदीत आहेच.

तुकड्या तुकड्यांनी

काम नगरच्या बाजूने पुढे सरकले. 2017 मध्ये नगर ते नारायणडोह या बारा किलोमीटरवर चाचणी झाली, मंजुरीनंतर बावीस वर्षांनी. फेब्रुवारी 2019 मध्ये सोलापूरवाडीपर्यंत. डिसेंबर 2021 मध्ये चाचणीची गाडी आष्टीला पोहोचली, तेव्हा लोक रुळांच्या कडेने उभे होते. 23 सप्टेंबर 2022 रोजी न्यू आष्टी ते नगर ही 66 किलोमीटरची प्रवासी डेमू (डिझेलवर चालणारी लोकल गाडी) सुरू झाली. रेल्वे राज्यमंत्री रावसाहेब दानवे तेव्हा उपस्थित होते. 28 फेब्रुवारी 2024 रोजी यवतमाळच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांनी न्यू आष्टी-अमळनेर टप्पा खुला केला. त्याच कार्यक्रमात वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा-कळंब तुकडाही सुरू झाला. दोन मागास भागांतले दोन रखडलेले मार्ग एकाच दिवशी एकेक पाऊल पुढे गेले. अमळनेर म्हणजे इथे पाटोदा तालुक्यातले, जळगावचे नव्हे. त्यानंतर विघनवाडी, राजुरी असे करत 2025 मध्ये बीड आले.

मधे एक अपघात झाला. 16 ऑक्टोबर 2023 रोजी आष्टीहून नगरला येणाऱ्या डेमूला नगरजवळ आग लागली आणि पाच डबे जळाले. जीवितहानी झाली नाही.

तुकड्यांनी मार्ग उघडण्याची ही पद्धत योग्य होती का, यावरही दोन मते आहेत. पूर्ण मार्ग होईपर्यंत थांबलो असतो तर 2022 ऐवजी आणखी कित्येक वर्षे काहीच दिसले नसते आणि निधीचा ओघ पुन्हा आटला असता, असे एक मत. दुसरे मत सांगते की अर्धवट मार्गावरची अर्धवट गाडी लोकांच्या मनात चुकीचे चित्र तयार करते. आष्टीच्या गाडीने या दुसऱ्या मताला बराच पुरावा दिला.

रिकाम्या गाडीचा वाद

आष्टी-नगर डेमू सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती रिकामी धावते अशा बातम्या येऊ लागल्या. 66 किलोमीटरला पावणेतीन-तीन तास लागत. एसटी किंवा जीप त्याच्या जवळपास निम्म्या वेळात पोहोचवते आणि गावातून उचलते. स्थानकाला जायला आधी रिक्षा किंवा दुचाकी हवी. तिकीट स्वस्त होते, पण रोजगार बुडवून स्वस्त प्रवास कुणी करत नाही. यावरून दोन निष्कर्ष निघाले. ज्यांचा मार्गाला मुळापासूनच विरोध होता त्यांनी म्हटले, पाहा, मागणी नव्हतीच. मार्गाचे समर्थक म्हणाले, 66 किलोमीटरच्या तुकड्यावरून 261 किलोमीटरचा निवाडा करू नका.

समर्थकांचे म्हणणे न्याय्य आहे, पण त्यात एक गोष्ट झाकली जाते. बीडपर्यंत मार्ग आल्यावरही वेळापत्रकाचा मूळ दोष तसाच राहिला. सुरुवातीला जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी सकाळी सातच्या आधी नगरहून निघते, साडेबाराच्या सुमारास बीडला येते, दुपारी एकला परत फिरते आणि सायंकाळी साडेसहाच्या सुमारास नगरला पोहोचते. रविवारी सुट्टी. 166 किलोमीटरला साडेपाच तास म्हणजे ताशी तीस किलोमीटर.

आता बीडच्या माणसाच्या नजरेने हे पाहावे. त्याला नगरच्या दवाखान्यात दाखवायचे आहे. तो संध्याकाळी पोहोचतो, दवाखाना बंद झालेला असतो, रात्र काढावी लागते. काम दुसऱ्या दिवशी होते तोवर परतीची गाडी सकाळीच निघून गेलेली असते. तिसऱ्या दिवशी तो घरी येतो. नगरच्या माणसाला मात्र ही गाडी बीड पाहून संध्याकाळी घरी यायला ठीक आहे, फक्त बीडमध्ये त्याच्या हाती अर्धा तास असतो. गाडीचा मुक्काम नगरला का, हे समजण्यासारखे आहे: देखभाल, डिझेल, कर्मचारी सगळे तिथे. परंतु रेल्वेच्या सोयीने आखलेली गाडी प्रवासी नाहीत म्हणून तोट्यात जाते, आणि तोट्यात जाते म्हणून दुसरी गाडी मिळत नाही. हे चक्र देशातल्या कितीतरी लहान मार्गांनी पाहिले आहे.

शेजारी एक वेगळे उदाहरण आहे. लोणंद ते फलटण हा लहान मार्ग. तिथे 30 मार्च 2021 पासून थेट पुणे-फलटण डेमू सुरू झाली. फलटणच्या माणसाला लोणंदला जायचे नव्हते, पुण्याला जायचे होते. बीडच्या माणसालाही नगर हा बहुतेकदा वाटेतला थांबा आहे.

बसणार कोण

बीडच्या रेल्वेबद्दल बोलताना ऊसतोड मजुरांचा उल्लेख हमखास होतो. दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, नगर आणि कर्नाटकात जातात, मार्च-एप्रिलला परततात. त्यांना रेल्वेचा उपयोग होईल, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो कमीच होईल. मुकादम उचल देतो आणि ट्रक किंवा ट्रॅक्टर थेट गावातून भरून कारखान्याच्या फडापर्यंत नेतो. सोबत बैल, भांडीकुंडी, खोपीचे सामान, लेकरे असतात. हा संसार डेमूच्या डब्यात मावत नाही आणि कुठल्या स्थानकावर उतरायचे तेही त्याच्या हाती नसते.

गर्दी असेल ती दुसऱ्या बीडची. हडपसर, भोसरी, चाकण, वाघोली इथे राहणारी, सणाला आणि लग्नसराईत गावी येणारी माणसे. पुण्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले. ससूनला किंवा खासगी रुग्णालयात जाणारे रुग्ण. आज हे सगळे ट्रॅव्हल्सने जातात. दिवाळीला या ट्रॅव्हल्सचे भाडे कसे वाढते, हे बीडमधल्या कुणालाही विचारावे. या माणसांना हवी ती रात्री बीडहून सुटून पहाटे पुण्याला पोहोचणारी एक गाडी. तिच्यावर अजून गंभीर चर्चा होताना दिसत नाही.

अशा गाडीची अडचण भूगोलाची आहे. बीडहून नगर रस्त्याने 130 किलोमीटरच्या आसपास, रेल्वेने 166. नगरहून पुणे रस्त्याने 120 च्या आसपास, रेल्वेने मात्र दौंडला वळसा घालून जवळपास 160. म्हणजे रस्त्याचे अडीचशे किलोमीटर रेल्वेने सव्वातीनशे होतात. दौंडला कॉर्ड लाईन झाल्याने इंजिन फिरवण्याचा वेळ वाचतो, अंतर तेवढेच राहते. नगर-पुणे थेट रेल्वेमार्गाची मागणी म्हणूनच बीडशी बांधलेली आहे, जरी ती बहुतेकदा नगरचीच समजली जाते. रात्रीच्या गाडीला वळशाचे फारसे ओझे नाही; झोपेत सहा तास गेले काय आणि सात गेले काय. दिवसाच्या गाडीला हे ओझे जड आहे.

मालाचा विचार त्याहूनही कमी झाला आहे. कापूस, सोयाबीन, साखर ही ठराविक नावे घेतली जातात. ती ट्रकने जातील, कारण अंतर लहान आणि माल विखुरलेला. मला जास्त कुतूहल सीताफळाचे आहे. बालाघाटाच्या माळावरच्या बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते फळ झाडावरून उतरल्यावर दोन-चार दिवसांत पिकते आणि मग टिकत नाही. लांबच्या बाजाराला वेळेत पोहोचणे हेच त्याचे सारे अर्थशास्त्र. 2020 मध्ये किसान रेल्वे सुरू झाल्या तेव्हा सांगोल्याच्या डाळिंबाने रेल्वेचा चांगला उपयोग करून घेतला; देशातली शंभरावी किसान रेल्वे 28 डिसेंबर 2020 रोजी सांगोल्याहूनच शालिमारला निघाली. सांगोला आणि आष्टी-पाटोदा यांचे पर्जन्यमान सारखेच बेभरवशाचे. फरक एवढाच की सांगोल्यात आधी बागायतदारांचे संघटन झाले, मग डबे मागितले गेले.

दुष्काळाचा मुद्दाही इथेच येतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले. त्या उन्हाळ्यात बीड जिल्हाही होरपळत होता आणि आष्टी तालुका चारा छावण्यांनी भरला होता. पण टँकर हाच मार्ग होता. पाणी रेल्वेने आणावे लागणे ही अभिमानाची गोष्ट नव्हे. तरीही तो पर्याय एका शेजाऱ्याला होता आणि दुसऱ्याला नव्हता.

इतर वाटा

नगर-बीड-परळी हाच मार्ग योग्य होता का, हा प्रश्न आता निकालात निघाल्यासारखा आहे. तरी ज्या भागांना त्याने वगळले ते गप्प बसलेले नाहीत. अंबाजोगाई आणि केज हे दोन मोठे तालुके या मार्गाच्या दक्षिणेला राहतात. घाटनांदूरहून अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, पाटोदा करत श्रीगोंद्याकडे जाणाऱ्या मार्गाची मागणी जुनी आहे आणि त्याचे सर्वेक्षणही झालेले आहे. अंबाजोगाईत योगेश्वरीचे देवस्थान आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या गावाला स्थानक नाही याची खंत तिथल्या लोकांना आहे आणि ती रास्त आहे.

दुसरी मागणी उत्तर-दक्षिण: सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, बीड, जालना, जळगाव. तिचे दोन टोकांचे तुकडे वेगवेगळे मार्गी लागले. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या 84 किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी 2019 मध्ये झाली. जालना-जळगाव हा 174 किलोमीटरचा मार्ग ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला. मधला धाराशिव-बीड-जालना भाग राहिला. हा जोड झाला तर बीड खऱ्या अर्थाने चौफुलीवर येईल, असे तज्ज्ञ मानतात. विरोधी मत असे की हाती असलेला मार्ग परळीपर्यंत पुरा होण्याआधी नवी घोषणा म्हणजे पुन्हा तेच, पैसा पातळ करणे. 2014 च्या त्या आकड्यांकडे पाहिले तर हे मत सहज झटकून टाकता येत नाही.

परळीला काय होईल

उरलेला 95 किलोमीटरचा भाग वडवणी, तेलगाव, सिरसाळा या पट्ट्यातून जातो. बालाघाटाच्या तुलनेत हा प्रदेश सपाट आणि काळ्या मातीचा, बागायतीही. त्यामुळे जमिनीचा मावेजा जास्त आणि काळ्या मातीत भराव करण्याची तांत्रिक डोकेदुखीही. काम कधी संपेल याच्या तारखा अनेकदा जाहीर झाल्या आणि अनेकदा पुढे गेल्या. इथे आणखी एक देण्यात अर्थ नाही.

परळीला पोहोचल्यावर हा मार्ग शाखा न राहता जोडमार्ग होईल, हा समर्थकांचा सर्वांत मोठा दावा. मुंबई-पुण्याहून नांदेड आणि हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या बीडवरून जातील, असे सांगितले जाते. ढोबळ हिशेब करून पाहिला तर दावा थोडा ढिला पडतो. पुण्याहून परळीला आज दौंड, कुर्डुवाडी, लातूर असा ब्रॉडगेज मार्ग आहेच आणि नांदेड-पनवेल गाडी त्यावरून धावते. नगर-बीडमार्गे अंतर जवळजवळ तेवढेच भरते. मनमाडकडून येणाऱ्या गाडीला तर परभणीमार्गेच जवळ पडते. म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या अंतर वाचते म्हणून आपोआप बीडवरून वळणार नाहीत. कुर्डुवाडी-लातूर मार्गावर गर्दी झाली, किंवा कुणी ठरवून वळवल्या, तरच.

वळवल्या तरी त्यांत बीडच्या वाट्याला किती जागा येतील, हा पुढचा प्रश्न. 2017 मध्ये लातूर-मुंबई एक्स्प्रेस बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरमध्ये मोठे आंदोलन झाले. गाडी तीच, मार्ग तोच. फक्त ती लातूरहून सुटत नव्हती, भरून येत होती. बीडला लांबची गाडी जाणार हे एक आणि बीडहून गाडी सुटणार हे दुसरे. लातूरचा अनुभव पाहता मला दुसऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते, पण त्यासाठी बीडला गाडी रात्रभर उभी करायला, धुवायला आणि दुरुस्त करायला फलाट, पिट लाईन आणि कर्मचारी लागतात. हा खर्च मूळ आराखड्याच्या चर्चेत फारसा नव्हता.

शेवटी हद्दीचा प्रश्न आहे. नगर-बीड मार्ग मध्य रेल्वेने बांधला, परळी दक्षिण मध्य रेल्वेत येते, तिचे मुख्यालय सिकंदराबादला. मराठवाड्याचा मोठा भाग ज्या नांदेड विभागात आहे तो मध्य रेल्वेला जोडावा ही मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. दोन झोनच्या सीमेवरच्या गाडीसाठी वेळापत्रक, इंजिन आणि चालक यांचा मेळ दोन मुख्यालयांना घालावा लागतो. ज्या झोनला या मार्गाचे उत्पन्न फारसे दिसणार नाही, तो झोन आपले इंजिन किती उत्साहाने देईल? जिल्ह्यातल्या रेल्वे मागणीच्या निवेदनांत हा मुद्दा अजून क्वचितच येतो. तिथे अजूनही पहिली ओळ असते ती परळीपर्यंतचे काम लवकर पूर्ण करा, ही.